पोचवाल्या मावशी

परवा कापूरहोळच्या फाट्यावर भोरच्या एसटीची वाट बघत उभा होतो. समोर तीन बॅनर लागलेले. तिन्ही एकाच योजनेचे, ती बायकांच्या खात्यात दरमहा पैसे जमा होतात तिचे. पहिल्यावर लिहिलं होतं की ही योजना आमच्या साहेबांनी आणली. दुसऱ्यावर दुसऱ्या साहेबांचा फोटो आणि तोच दावा. तिसऱ्यावरच्या साहेबांनी दावाबिवा काही केला नव्हता, नुसते हात जोडून हसत होते. एका योजनेला तीन बाप म्हटल्यावर आपण काय बोलावं? मी गुमान शेंगदाणे खात राहिलो. पण मनात आलं, आज मावशी असत्या तर रस्ता ओलांडून त्या बॅनरखाली उभ्या राहिल्या असत्या आणि साहेबांच्या फोटोलाच विचारलं असतं, "आणली म्हंताय, मग कुणाकडनं आणली? पोच हाय का?"

मावशी म्हणजे माझ्या घरमालकीण. मी महसूल खात्यात कारकून होतो आणि भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यातल्या एका कचेरीत सहा वर्षं निराधारांच्या पेन्शनचं टेबल सांभाळत होतो. कचेरी कुठली ते सांगत नाही. तिथली काही माणसं अजून नोकरीत आहेत आणि मला भोरात सुखानं राहायचंय. बायको-मुलं तेव्हाही भोरातच होती, मुलांच्या शाळेमुळे. एसटी दिवसातून दोनदा, त्यातली एक यायची तर यायची. म्हणून सोमवार ते शनिवार राहायला मी कचेरीच्या गावात खोली घेतली. ती मावशींच्या घराची पडवीकडची खोली.

पहिल्याच दिवशी मावशींनी मला उंबऱ्याच्या बाहेर उभं केलं. हातात शंभर पानी वही, काखेला कापडी पिशवी. म्हणाल्या, "लिवा. खाट एक. हंडा एक, बुडाला पोचा आलेला. खिडकी एक, कडी मोडकी. मोडकी आसं लिवलं का? न्हाईतर उद्या म्हनाल म्हातारीनं माज्या नावावर घातली. आता सई करा. खाली तारीख."

मी हसलो. म्हटलं, मावशी, मी सरकारी माणूस आहे, तुमचा हंडा घेऊन पळून जाणार आहे का?

"सरकारी हाय म्हनूनच," मावशी म्हणाल्या.

त्यांना अक्षर येत नव्हतं. आकडे मात्र येत होते, आणि तारीख कागदावर कुठे असते ते पक्कं ठाऊक होतं. खाली डाव्या कोपऱ्यात दोन काड्या आणि आकडे दिसले की त्यांचं समाधान व्हायचं. पिशवीत शाईचं पॅड असायचं. कुणी त्यांना काही दिलं तर त्या अंगठा उठवून पोच द्यायच्या, आणि त्यांनी कुणाला काही दिलं तर पोच घ्यायच्या. डावा अंगठा कायम निळा. भाकरी थापताना सुद्धा त्या तो अंगठा पिठापासून जरा लांब ठेवायच्या.

गिरणीत दळण टाकलं की चिठ्ठी. दूध घातलं की डेअरीच्या कार्डावर समोर उभं राहून आकडा. एसटीच्या कंडक्टरनं तिकीट द्यायला उशीर केला की त्या ओरडायच्या, "म्या बसले ह्याची पोच आदी दे, मंग गाडी सोड." गाव त्यांना पोचवाली म्हणायचं. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत होतं आणि आवडतही असावं.

लेकीच्या लग्नाची गोष्ट तर सगळ्या खोऱ्याला पाठ होती. लेक हिर्डोशीकडच्या एका वाडीत दिली. पाठवणीची वेळ, सगळ्या बाया रडतायत, आणि मावशी वही घेऊन व्याह्यांसमोर. "लिवून द्या पाव्हनं. मुलगी मिळाली. दातबित समदं शाबूत, अंगावर डाग न्हाई, खोकला न्हाई." व्याही आधी चिडले, मग हसू लागले, शेवटी सही केली. पहिल्या पंचमीला लेक माहेरी आली तेव्हा मावशींनी ती वही काढून शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतली आणि लेकीकडे खालीवर बघत म्हणाल्या, "खोकला लिवलेला न्हाई हितं. ह्यो कुटनं आला?" जावई त्याच आठवड्यात बायकोला घेऊन दवाखान्यात गेला. लोक हसले, पण त्या लेकीच्या अंगाला सासरी कधी कुणी हात लावला नाही, हेही लोकच सांगायचे.

एकदा मी विचारलं, "देवाकडून घेता का पोच?"

"त्याच्याकडं कशी घ्यायची? त्याच्या हितं तारीकच नसती."

हे वेड कुठून आलं, ते मला दुसऱ्या की तिसऱ्या पावसाळ्यात कळलं. बाहेर कोसळत होतं, लाईट गेलेली, आम्ही चुलीपाशी बसलेलो. मावशींचं माहेर पुरंदरच्या सुक्या बाजूचं. बहात्तरच्या दुष्काळात त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या, बिनलग्नाच्या. सरकारनं दुष्काळी काम काढलं, रस्त्यासाठी खडी फोडायची. गावच्या बाया गेल्या. नऊ दिवस खडी फोडल्यावर कळलं की मुकादमानं त्यांच्यातल्या चाळीस जणींची नावं हजेरीपटावर घातलीच नाहीत. मुकादम म्हणाला, तुम्ही आलाच नव्हता.

"हातावर फोड दावलं त्याला," मावशी म्हणाल्या. "त्यो म्हनला, फोडावर तारीक हाय का?"

मग त्या चाळीस जणी रस्त्यावर बसल्या. कुणी पुढारी आला नव्हता, झेंडा नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणा मोठ्या साहेबाची जीप अडली. साहेब खाली उतरला, दमदाटी करून झाली, समजावून झालं. बाया उठेनात. शेवटी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यानं चाळीसच्या चाळीस नावं स्वतः लिहिली, खाली सही केली आणि तारीख घातली. मावशींच्या आयुष्यातली ती पहिली पोच. ती कुणी सांभाळायची यावर बायांत भांडण झालं. मग ठरलं की जिला नवरा नाही तिच्याकडे द्यावी, म्हणजे कुणी हिसकावून घेणार नाही.

"लोक म्हंत्यात रोजगार हमीचा कायदा मुंबईत झाला," मावशी म्हणायच्या. "मुंबईत त्यो लिवला. झाला आमी बसलो तितं."

आता मी पडलो खात्याची परीक्षा दिलेला माणूस. मी त्यांना समजावू लागलो. म्हटलं मावशी, तसं नसतं. तुमच्यासारख्या लाखभर बाया रस्त्यावर आल्या हे खरं. पण शहरातल्यांना भीती होती की ही सगळी उपाशी गर्दी आपल्या दारात येईल. बागायतदारांना त्या मजुरीतून रस्ते आणि तळी हवी होती. सत्तेतल्यांना मतं हवी होती, विरोधकांना मोर्चे हवे होते. अशी सगळ्यांची गरज एका ठिकाणी जुळली तेव्हा कायदा झाला, आणि पुढे कितीतरी वर्षांनी दिल्लीनं तोच देशभर नेला. हे सगळं मी अगदी हातवारे करून सांगितलं.

मावशींनी शांतपणे ऐकलं. चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "आसंल. पन आमी उटून गेलो आसतो, तर ह्यातल्या एकाला तरी त्याची गरज आटवली आसती का?"

मी हातवारे थांबवून हात चुलीकडे शेकायला धरले.

माझ्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो आणि तो कर मुळात रोजगार हमीसाठीच लावला होता, हे मी त्यांना सांगितलं ती माझी चूकच झाली. त्या दिवसापासून कचेरीत कुणी त्यांच्यावर डाफरलं की त्या माझ्याकडे बोट करायच्या. "ह्ये भाऊसायेब माज्या कामासाटी दर म्हैन्याला कर भरत्यात. इचारा त्यास्नी." आम्हा कारकुनांना तिकडे भाऊसाहेब म्हणतात. घरात मावशी मला 'तू' म्हणायच्या, कचेरीच्या खिडकीत 'तुमी'. खिडकीतून घरी आलो की पुन्हा 'तू, हात धू, भाकरी वाढलीय.'

खिडकीत मी त्यांच्याशी कसा वागायचो ते सांगायलाच हवं. आमच्या टेबलाची एक रीत होती. अर्ज घ्यायचा, पोच मागितली तर द्यायची, सही करायची, शिक्का मारायचा. तारीख मात्र घालायची नाही. तारीख घातली की दिवस मोजता येतात, आणि दिवस मोजता आले की उशीर कुणाचा ते दिसतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ज्याच्याकडून टेबल घेतलं तो तसं करायचा, मीही करू लागलो. हाताला वळणच पडलं. सहा वर्षांत तारीख मागून घेणारं एकच माणूस मला भेटलं.

एकदा वैतागून मी म्हणालो, "मावशी, घरात राहतो मी तुमच्या. माझ्यावर सुद्धा विश्वास नाही?"

त्या खरंच गोंधळल्या. म्हणाल्या, "इस्वास हाय म्हनून तर मागते. ज्याच्याकडनं कायतरी हुईल आसं वाटतं, त्याच्याकडंच पोच मागायची. दगडाकडं कोन मागतंय?"

मावशींची धाकटी जाऊ त्याच घरात मागच्या खोलीत राहायची. नवरा लवकर गेला, मूल नाही. वीस वर्षं ती मावशींच्या चुलीवर जेवत होती. मावशींनी कधी ताट मागे घेतलं नाही, पण तोंड त्यांचं तिखट. रागाच्या भरात चार शब्द जायचे आणि जाऊबाई ते गिळायच्या. त्यांचा एकच ध्यास होता. निराधारची पेन्शन लागू दे. त्यांनी मावशींना बजावून ठेवलं होतं, "माज्या पैल्या पैशाची साकर नि चा-पावडर म्या आननार. त्यो चा तू बसून प्यायचा, आक्का. उटायचं न्हाई. म्या देनार, तू घेनार." मावशी यावर नाक मुरडायच्या, पण मला त्यांनी एकदा हळूच सांगितलं की हिचा हा चहा प्यायल्याशिवाय हिचा जीव थंड व्हायचा नाही.

अर्ज माझ्याच टेबलावर आला. पोच मीच दिली, मावशींनी मागितली म्हणून तारीख घालून. मग सुरू झाला राजकारणाचा फेरा. पेन्शन मंजूर करायला एक समिती असते, तिचा अध्यक्ष पुढाऱ्यांच्या मर्जीतला. मधेच सरकार बदललं, समिती बरखास्त झाली. नवी समिती व्हायला आठ महिने लागले, कारण अध्यक्ष कुठल्या गटाचा यावर दोन पुढाऱ्यांचं जमेना. समिती झाली तेव्हा पहिल्या बैठकीत अध्यक्षांच्या गावचे अर्ज, दुसऱ्या बैठकीत त्यांच्या पाव्हण्यांच्या गावचे. जाऊबाईंचा नंबर चौथ्या बैठकीत लागला. एकदाची सही झाली, आदेश माझ्या हातात आला. मी खूश झालो. आज घरी जाऊन देतो म्हटलं.

तेवढ्यात वरून निरोप आला. मंजूर आदेश कुणालाही द्यायचे नाहीत. पुढारी साहेब येणार आहेत, पानशेतच्या रस्त्याला मोठं शिबीर घ्यायचंय, सगळे आदेश साहेबांच्या हस्ते वाटायचे. तोपर्यंत कुणाला बोलायचंही नाही, नाहीतर लोक शिबिराला येणार नाहीत.

मी आदेशांचा गठ्ठा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

शिबीर एकदा पुढे गेलं, साहेबांना दुसरीकडे लग्न होतं. दुसऱ्यांदा पुढे गेलं, मंडपवाला मिळेना. एकोणीस दिवस ती किल्ली माझ्या खिशात होती आणि त्यातले बरेच दिवस मी जाऊबाईंच्या दहा पावलांवर बसून मावशींच्या हातची नाचणीची भाकरी खात होतो. जाऊबाईंना ताप येऊ लागला होता. गोळ्या चालू होत्या. रोज संध्याकाळी त्या भिंतीला धरून पडवीत यायच्या.

"भाऊसायेब, माजं काय झालं?"

"प्रक्रियेत आहे."

"परक्रिया म्हंजी लई लांब का?"

"नाही, होईल आता."

मला सांगता आलं असतं. नुसतं कानात सांगितलं असतं की झालंय, तुमच्या नावाचा कागद आलाय, तरी पुरलं असतं. त्या काही ओरडत गावभर गेल्या नसत्या, चालवतच नव्हतं त्यांना. पण मला बदलीची भीती वाटली. गडचिरोलीला टाकतील म्हणून नव्हे, एवढा मी मोठा नव्हतो. वरिष्ठ चार शब्द बोलतील एवढीच भीती होती, आणि एवढ्या फुटकळ भीतीसाठी मी गप्प बसलो याची मला आजही लाज वाटते.

अकराव्या दिवशी, मंगळवारी पहाटे, जाऊबाई गेल्या. मी कचेरीतून रजा घेतली, लाकडं वाहिली, सगळं केलं. तिथंही तोंड उघडलं नाही.

आणि मग मी ती चूक केली. मेलेल्या माणसाचं नाव यादीतून काढायचं असतं. मी काढलं नाही. विसरलो म्हणावं तर विसरलो नव्हतो. नाव काढलं तर आदेश आधीच झाला होता हे कागदावर येईल, म्हणून मी यादीला हातच लावला नाही. वाटलं, नाव पुकारतील, कोणी येणार नाही, पुढचं नाव घेतील.

शिबिराच्या दिवशी मंडप भरला होता. गावोगाव टेम्पो पाठवले होते. साहेब आले, भाषणं झाली. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी एकेक नाव पुकारायला सुरुवात केली. म्हाताऱ्या बाया जिन्यावरून धडपडत स्टेजवर यायच्या, साहेब कागद द्यायचे, दुसरा हात खांद्यावर ठेवायचे, फोटो निघायचा. जाऊबाईंचं नाव पुकारलं गेलं. बायकांच्या घोळक्यातून मावशी उठल्या.

त्या आल्यात हेच मला माहीत नव्हतं. शेजारणीला पेन्शन मिळेल अशी आशा होती म्हणून तिच्यासोबत आल्या होत्या, असं नंतर कळलं. मंडपाच्या कडेला, सगळ्यांपासून जरा लांब बसल्या होत्या. त्या हळूहळू जिना चढल्या. साहेबांनी कागद पुढे केला आणि सवयीनं दुसरा हात खांद्याकडे नेला.

"शिवू नगा सायेब," मावशी म्हणाल्या. "सुतक हाय."

साहेबांनी हात मागे घेतला. फोटोवाला थांबला.

"ज्या बाईचं नाव पुकारलं ती माजी जाऊ. कागद म्या घेते. पन आदी सई कवा झालीया ती तारीक वाचून दावा."

साहेबांना खरंच काही ठाऊक नव्हतं. माणूस वाईट नव्हता तो. त्यांनी चष्मा लावला आणि माईकसमोरच तारीख वाचली, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशी. मावशींनी बोटांच्या पेरांवर दिवस मोजले. चाळीस जणींची हजेरी मोजणारी बाई ती, तिला किती वेळ लागणार?

"ती मागल्या आटवड्यात मंगळवारी गेली," मावशी म्हणाल्या. "मरायच्या आदी धा दिस ह्यो कागद तयार व्हता. रोज इचारत व्हती."

मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. स्टेजच्या कडेला मी गठ्ठा घेऊन उभा होतो. त्यांनी पिशवीतून पॅड काढलं, यादीवर अंगठा उठवला आणि कागद घेऊन खाली उतरल्या.

पुढे काय झालं म्हणाल, तर काही झालं नाही. गुरुजींनी पुढचं नाव पुकारलं. नंतर जेवणं झाली. वरिष्ठ मला जे बोलायचं ते बोलले, म्हणजे ज्याच्या भीतीनं मी गप्प बसलो ते शेवटी ऐकावं लागलंच. त्यानंतर आदेश अडवून ठेवणं बंद झालं असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. मी पुष्कळ विचार केला यावर. ज्या गर्दीला घाबरून सरकार योजना आणतं, तीच गर्दी पुढाऱ्याला फोटोत हवी असते. त्याला एकट्याला तरी काय नावं ठेवायची? कपाटाची किल्ली काही त्याच्या खिशात नव्हती.

तेरावं झाल्यावर मावशी कचेरीत खिडकीशी आल्या. मृत्यूचा दाखला जमा करायचा असतो, फाईल बंद करायला. त्यांनी दाखला आत सरकवला आणि वळून चालू लागल्या. मी उठून उभा राहिलो.

"मावशी, पोच?"

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि गेल्या. रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पोचवालीनं पोच मागितली नाही, असं त्या गावात पहिल्यांदाच घडत होतं. मला त्यांचं ते वाक्य आठवलं, दगडाकडं कोन मागतंय.

त्या दिवसापासून घरातही 'तुमी'. भाकरी मिळायची, वेळेवर मिळायची, ताटात काही कमी नसायचं. "भाऊसायेब, जेवून घ्या तुमी." सात महिने मी ते ऐकलं. आधी कधी शिव्याही दिल्या होत्या त्यांनी मला, गटार तुंबवली म्हणून. त्या शिव्यांसाठी जीव तुटायचा माझा.

मग माझी भोरला बदली झाली. मी स्वतःच मागून घेतली. जायच्या सकाळी खोली झाडली, खाट भिंतीला लावली आणि किल्ली मावशींना दिली. त्यांनी ती खुंटीला अडकवली.

मी म्हटलं, "वही काढा ना. यादी तपासून घ्या. खाट, हंडा, खिडकी."

"हाय तितंच हाय समदं. जावा तुमी, एस्टी चुकंल."

माझ्या खिशात एक कागद होता. आदल्या दिवशी कचेरीतच लिहिला होता. तो काढून मी त्यांना वाचून दाखवला. मी, निराधार टेबलाचा कारकून, लिहून देतो की यांच्या जावेच्या पेन्शनचा आदेश सही होऊन एकोणीस दिवस माझ्या कपाटात होता. त्यातले दहा दिवस त्या जिवंत होत्या. त्या मला रोज विचारत होत्या आणि मला माहीत असून मी सांगितलं नाही. खाली माझं नाव, हुद्दा, सही. हा कागद मावशींनी वर कुणाला दाखवला असता तर माझी चौकशी लागली असती. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. हे मला कळत होतं, आणि तरी तो दिल्याशिवाय मला त्या घरातून पाय काढता येईना.

मावशींनी कागद हातात घेतला. वाचता तर येत नव्हतं. त्यांची नजर ओळींवरून खाली उतरत गेली आणि डाव्या कोपऱ्यात थांबली. तिथं त्यांनी निळा अंगठा ठेवला.

"हितं काय न्हाई."

मी वाकून बघितलं. तारीख नव्हती. देवाशप्पथ सांगतो, मुद्दाम नव्हती सोडली. सहा वर्षांचं हाताचं वळण, सही झाली की पेन आपोआप थांबायचं. असा कागद लिहिताना सुद्धा थांबलं होतं. मला त्यांच्यासमोर रडू आलं. मोठा बाप्या माणूस मी, दारात उभा राहून रडलो.

मावशींनी पिशवीतून पेन काढून माझ्यापुढे धरलं.

"तारीक घाल," म्हणाल्या.

मी भिंतीवर कागद धरून तारीख घातली. त्यांनी ती नीट बघितली, काड्या दोन आहेत ना ते बघितलं, कागदाची घडी घालून वहीत ठेवली. मी पिशवी उचलली आणि निघालो.

"थांब की. पळतूस कुटं?" त्यांनी वहीचं एक कोरं पान टरकावलं. "ह्याची पोच नगं व्हय तुला? लिव. मिळालं म्हनून लिव."

मी लिहिलं. त्यांनी पॅड उघडलं आणि अंगठा उठवला.

मावशी जाऊन आता तीन वर्षं झाली. माझा तो कबुलीचा कागद त्यांनी कुणालाही दाखवला नाही. मी निवृत्त झालो, पेन्शन लागली, ती मात्र वेळेवर येते. त्यांनी दिलेली पोच माझ्याकडे आहे. बायकोनं एकदा विचारलं, हे काय आहे, टाकू का? म्हटलं, नको. त्यावर माफ केलं असं कुठंही लिहिलेलं नाही, मी पुष्कळदा बघितलंय. मिळालं, एवढंच आहे. खाली निळा अंगठा आणि तारीख.